शेवटचं बटण त्याचं

सकाळचे सहा पन्नास. रिक्षावाल्या काकांचा पहिला हॉर्न वाजायला वीस मिनिटं. गॅसवर दूध चढलेलं, डबा अजून उघडाच, आणि स्वयंपाकघराच्या दारात आमचे सहा वर्षांचे चिरंजीव शर्टात हात घालून उभे. पुढून सगळा शर्ट उघडा. मी ओले हात गाऊनला पुसते, पाच बटणं दहा सेकंदांत लावते, पोळीचा शेवटचा घास त्याच्या तोंडात कोंबते आणि ‘चल चल चल’ करत त्याला लिफ्टमध्ये ढकलते.

आमच्याकडे हे दोन वर्षं रोज चाललं. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने चालत असेल. हौस कुणाला असते हो? नवऱ्याची लोकल, माझी लोकल, साडेसातला जाणारं पाणी. त्याला एका बटणाला चार मिनिटं लागतात आणि मला पाची बटणांना दहा सेकंद. सकाळच्या घाईत कोण काय करणार, हे ठरवायला फार अक्कल लागत नाही.

चूक अशी झाली, की संध्याकाळीही मी तेच करत राहिले. रविवारीही. मे महिन्याच्या सुट्टीतही.

पहिलीच्या दिवाळीनंतर शाळेतून बोलावणं आलं. ‘हुशार आहे, पण फार हळू आहे. घरी सगळं तुम्हीच करता वाटतं?’ बाई हसूनच बोलल्या, पण मला ते लागलं. घरी येऊन मी काय केलं असेल? त्याच्यावरच ओरडले. ‘एवढा मोठा झालास, तुझ्या वयाची मुलं बघ!’ तो काही बोलला नाही. पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत राहिला.

रात्री डबा धुताना लक्षात आलं, की त्या आठवड्यात तिसऱ्यांदा भाजी जशीच्या तशी परत आली होती. विचारलं तर म्हणाला, ‘भूक नव्हती.’ पाण्याची बाटलीही भरलेली. ‘तहान नव्हती.’ मी जवळ घेऊन, पाठीवरून हात फिरवत बराच वेळ नुसती बसले, तेव्हा कुठे हळूहळू निघालं. डब्याचं क्लिपवालं झाकण त्याला उघडता येत नव्हतं. बाईंना रोज रोज सांगायची लाज वाटायची. आणि पाणी प्यायलं की शूला जावं लागणार, शूला गेलं की पँटचं हूक काढावं लागणार, आणि ते परत लागलं नाही तर वर्गात पँट धरून यावं लागणार. म्हणून पाणीच नको. सहा वर्षांच्या मुलाने एवढा सगळा हिशेब एकट्याने मांडला होता, आणि मी त्याला आळशी म्हणून मोकळी झाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरं सांगायचं तर रागही आला होता, पण कुणावर ते कळत नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘ओटीला दाखवा.’ ती चिठ्ठी वाचून नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, ऑपरेशन थिएटर! सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘कुणाची ओटी भरायची आहे?’ शेवटी मी समजावलं, की ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. त्यावर सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘या वयात कसला व्यवसाय?’

हसलो आम्ही सगळे, पण तो प्रश्न बरोबर होता. ओटीताईंनीही पहिल्या दिवशी तिथूनच सुरुवात केली. इथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्या ज्या कामात गुंतलेला असतो, ते सगळं त्याचं ‘ऑक्युपेशन’. सहा वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणं, अंघोळ करणं, कपडे घालणं, खेळणं, दप्तर भरणं. त्यात कुठे अडतंय ते शोधायचं, आणि मुलाचं कौशल्य, काम करायची पद्धत किंवा आजूबाजूच्या वस्तू, यातलं जे बदलता येईल ते बदलून त्याचं काम त्याला करता येईल असं करायचं. एवढाच तो उपचार.

मला वाटलं होतं, हे काहीतरी नवीन परदेशी खूळ असणार. तर भारतातलं या विषयाचं पहिलं शिक्षण 1950 साली मुंबईतच, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झालेलं. सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकेच्या, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. त्या शाळेचं नाव मी कितीदा ऐकलं होतं, पण त्या बाईंचा माझ्या लेकाच्या बटणांशी संबंध असेल हे कधी ध्यानीमनी नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

ताईंनी त्याला खेळायला सोडलं आणि मला भांडी घासायचे जाड रबरी हातमोजे दिले. ‘घाला. आणि हा शर्ट अंगात घालून बटणं लावा.’ मला गंमत वाटली. पहिलं बटण चिमटीत धरलं, ते निसटलं. परत धरलं, तर काज कुठे आहे ते बोटांना कळेना. मान खाली घालून बघायला गेले तर हनुवटी मध्ये. कसंबसं अर्धं बटण काजात गेलं, तर ते पलीकडून ओढायला दुसरा हात हवा, आणि तो कापड धरण्यात अडकलेला. हात बदलला की बटण परत मागे. खांदे भरून आले. कपाळावर घाम.

आणि नेमकं तेव्हाच ताई माझ्या डोक्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘अहो, चला ना. किती वेळ? रिक्षा आली. द्या इकडे, मी लावते!’

सूर अगदी माझा होता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका बटणासाठी, छत्तीसाव्या वर्षी.

त्यांनी सांगितलं, की काही मुलांचं डोकं छान चालतं, हातापायांत जोरही असतो, पण नवी हालचाल मनात आखून ती शरीराकडून करून घेणं त्यांना जड जातं. आपली बोटं न बघता जे करतात, ते त्यांना प्रत्येक वेळी नव्याने जुळवावं लागतं. याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. शाळकरी वयातल्या साधारण 5 ते 6 टक्के मुलांमध्ये हे दिसतं, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तिघं तरी. बाकीच्या सत्तावन्न जणांच्या आयांना ते तिघं वेंधळे, धांदरट, ‘आईने लाडावलेले’ वाटतात. मलाही वाटायचे, दुसऱ्यांची असली की.

मग आमचा बटणांचा अभ्यास सुरू झाला. मी आपली पहिल्यापासून शिकवायला निघाले होते: हे धर, इथे घाल, आता ओढ. ताईंनी तेच उलटं करायला सांगितलं. सगळं तुम्ही करा, बटण काजातून अर्धं बाहेर काढा आणि शेवटचं ओढणं फक्त त्याच्यावर सोडा. म्हणजे काम पूर्ण होतं ते त्याच्या हातून. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याला द्यायची, मग त्याच्या आधीची. आपण एकेक पायरी मागे सरकायचं.

सरावही अंगातल्या शर्टावर नाही. आजोबांचा मोठ्या बटणांचा जुना स्वेटर मांडीवर पसरून, संध्याकाळी, दूध पिऊन झाल्यावर. तिथे हात दिसतात, हनुवटी मध्ये येत नाही. अंगातल्या शर्टावर आलो तेव्हाही सुरुवात खालच्या बटणांपासून, कारण गळ्याजवळचं बटण कुणालाच दिसत नाही. आणि हा सराव सकाळी मुळीच करायचा नाही. सकाळी चार बटणं माझी, शेवटचं ओढणं त्याचं, एवढाच करार. मला हे फार आवडलं, कारण आजवर मिळालेले सगळे सल्ले सकाळच्या वेळेची मुळीच दयामाया न करणारे होते.

पहिलं बटण संपूर्ण त्याचं त्याने लावलं ते पाचव्या आठवड्यात. तो काही बोलला नाही. ते काढलं आणि परत लावलं. परत काढलं, परत लावलं. अकरा वेळा. मी मोजत होते.

या सगळ्यात सगळ्यात अवघड काय होतं सांगू? माझे हात गप्प ठेवणं. तो धडपडत असतो आणि आपले हात आपोआप पुढे जातात. ताई म्हणाल्या, मनात वीसपर्यंत मोजा. मला ते जमेना, म्हणून मी ओढणीचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरून बसायचे. पहिल्या महिन्यात एक ओढणी फाटली, ती बहुधा त्यामुळेच.

जेवणाचंही तसंच. पुस्तकांत आणि व्हिडिओंत काटा-चमचा आणि बुटांच्या लेस. आमची अडचण पोळीची! एका हाताने पोळीचा तुकडा तोडणं किती कठीण आहे, याचा कधी विचार केलाय? तीन बोटांनी दाबून धरायची, अंगठा आणि तर्जनीने ओढायची, तेही ताट न हलवता. ताईंनी आधी पायांकडे बघितलं. जेवणाच्या टेबलाशी त्याचे पाय हवेत लोंबकळत होते. ‘धड टेकायला जागा नसेल तर बोटं काय काम करणार?’ पायाखाली पाट आला. ताटाखाली ओला फडका घडी करून ठेवला, की ताट सरकत नाही. आणि काही दिवस दोन्ही हातांनी पोळी तोडायला सरसकट परवानगी. डाव्या हाताच्या शिवाशिवीवरून घरात जरा कुरबूर झाली, पण हात धुतलेले आहेत ना, यावर विषय मिटला.

अंघोळीला तांब्याऐवजी दांडीचा हलका मग आला. साबण हातातून सटकायचा, तर तो जुन्या पायमोज्यात घालून गाठ मारली, तोच मोजा हातात धरून अंग घासायचं. क्लिपचा डबा गेला, फिरकीच्या झाकणाचा आला, आणि ते झाकण उघडायचा सराव घरी, आत चिक्की ठेवून. शाळेच्या पँटला शिंप्याकडून हुकाऐवजी कमरेला इलॅस्टिक लावून घेतलं. त्याच आठवड्यात पाण्याची बाटली रिकामी परत यायला लागली.

त्या इलॅस्टिकवरून मी आधी अडून बसले होते, हेही कबूल करते. मला वाटायचं, ही पळवाट झाली. हूक शिकलंच पाहिजे. ताई म्हणाल्या, ‘शिकेल ना. पण तोवर त्याने दिवसभर तहानेलं बसायचं का?’ काय बोलणार यावर. बुटांनाही मग वेल्क्रो आलं. नाडी बांधायला तो पुढे-मागे शिकेल किंवा नाहीही शिकणार. इलॅस्टिकच्या पायजम्यावर लोकांचे संसार झालेत.

आता सासूबाई. नातवाला भरवणं हा त्यांचा दिवसातला सगळ्यात आवडता कार्यक्रम. ‘लेकरू उपाशी राहतंय आणि तुम्ही मोजत बसा वीसपर्यंत,’ असं त्या मला ऐकू येईल इतक्याच हळू म्हणायच्या. मी वाद घातला नाही. घालून उपयोगही नसतो. त्यांचंही बरोबरच आहे, भरवण्याइतकी माया दुसऱ्या कशात दिसते?

मग पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी अंघोळ घालायचे, वेणी घालायचे, घासही भरवायचे. चौथ्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. ‘मी काय गणपती आहे, मला स्नान घालून नैवेद्य दाखवायला? चमचा दे इकडे, डाव्या हाताने खाईन.’ अर्धा भात मांडीवर सांडला, पण जेवल्या त्यांच्या त्या. त्या दिवसापासून नातवाला भरवणं बंद झालं. मी काही बोलले नाही. त्याही नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर मनगट आखडलं होतं, तेव्हा त्यांनाही ओटीकडेच पाठवलं. फडका पिळणं, कणीक मळणं, मटार सोलणं, असले व्यायाम. त्यांना पुढून बटणांचा गाऊन घेतला होता. एकदा खोलीत डोकावले तर नातू पलंगावर गुडघ्यांवर उभा राहून आजीच्या गाऊनची बटणं लावत होता, जीभ बाहेर काढून, सावकाश. शेवटच्या बटणाशी थांबला आणि म्हणाला, ‘हे नुसतं ओढ. शेवटचं तुझं.’

तुम्ही कुणी या वाटेवर निघाला असाल, तर दोन-चार गोष्टी कानात सांगाव्याशा वाटतात.

हळू असणाऱ्या प्रत्येक मुलाला थेरपी लागत नाही. पुष्कळ मुलांना नुसता वेळ हवा असतो, जो आपल्याकडे नसतो. पण एकाच वेळी बऱ्याच गोष्टी अडत असतील, जिने, पेन्सिल, बटणं, जेवण, सगळंच. किंवा मूल त्यापायी रडत, टाळत, लपवत असेल, तर दाखवून घ्या. मी उगाच दोन वर्षं ‘होईल आपोआप’ म्हणत काढली.

तिथे गेल्यावर मूल झोक्यावर आणि आपण बाहेर बाकावर, असं झालं की पोटात कालवतं: ‘झोक्यासाठी एवढे पैसे?’ कधी कधी त्या खेळामागे विचार असतो. पण विचारायला लाजू नका. ‘यातून घरी काय बदलेल? पुढच्या तीन महिन्यांत तो काय करू लागेल?’ चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट आमच्या ताईंनी पहिल्याच दिवशी त्यालाच विचारलं होतं, ‘तुला काय जमायला हवंय?’ तो म्हणाला, ‘डबा.’ मी बटणं धरून बसले होते. आमच्या मुलासारख्या अडचणींसाठी हल्ली खऱ्याखुऱ्या कामाचाच सराव करून घेण्यावर जास्त भर दिला जातो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. डबा उघडायला शिकायचं तर शेवटी डबाच उघडावा लागतो.

आणि पैशांचं. खाजगी सेंटर परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. मुंबईत केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्ये हा विषय शिकवला जातो, तिथे त्याचे विभाग आहेत. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून; त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीताईंना किंवा शाळेत विचारलं तर रस्ता सांगतात. रांग असते, तारीख लांबची मिळते, खरं आहे. नंबर लावून ठेवा.

आठवड्यातून एकदा पाऊण तास आम्ही ताईंकडे असायचो. उरलेला सगळा आठवडा घरी, आणि घरी ताई नव्हत्या. होते ते दमलेले आई-बाप, हट्टी आजी, पेपर वाचणारे आजोबा आणि मोठ्या बटणांचा स्वेटर. काही आठवडे स्वेटर कपाटातून निघालाच नाही. परीक्षा होती, पाहुणे होते, मला कंटाळा आला होता. असं होतं. पुन्हा काढला.

तो आता आठ वर्षांचा आहे. शर्टाची बटणं त्याची तो लावतो. कधी एक वरखाली होतं आणि शर्टाचं एक टोक लोंबत राहतं. अक्षर अजून गिचमिड आहे, सायकल येत नाही, केस मीच विंचरते. डबा मात्र चाटून-पुसून येतो.

तुमच्याकडे काय अडलंय? नाडी, पोळी, अंघोळ, की दप्तर? सगळं एकदम काढू नका. त्यातलं एकच काहीतरी त्याला निवडू द्या, आणि रविवारी दुपारी, चहा झाल्यावर, निवांत बसा. सोमवारी सकाळी मात्र नको.